कपभर कोकोत किती पाप आहे, याचा हिशोब मांडणारा ऑडिटर : मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा

बांबूचा टूथब्रश, स्टीलची बाटली, कापडी पिशवी, लाकडी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ. इन्स्टावर 'सस्टेनेबल लिव्हिंग' टाकून बघा, रील्स संपता संपत नाहीत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी आज आपण कौतुकानं जास्तीचे पैसे मोजतो.

याच दोन गोष्टींसाठी १९३५ च्या सुमारास वर्ध्यात एक अख्खी चळवळ उभी राहिली होती. ती चालवणारा माणूस ना विदर्भातला होता, ना शेतकरी, ना कुठला साधू. तो लंडनमध्ये शिकलेला ऑडिटर होता. तमिळ होता. आणि पक्का ख्रिस्ती होता.

नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जे ओळखतात ते त्यांना जे. सी. कुमारप्पा म्हणून ओळखतात, आणि ओळखणारे फार नाहीत. गांधींच्या आर्थिक विचारांचा विषय निघाला की त्यांचं नाव तळटीपेत येतं. ते पर्यावरणवादी होते असंही लिहिलं जातं. पण एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. हा माणूस साधं राहत होता ते गांधींनी सांगितलं म्हणून नाही, किंवा नुसतं म्हणून नाही. येशूवर विश्वास ठेवायचा तर दुकानात काय विकत घ्यायचं इथपर्यंत तो विश्वास पोचला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. रविवारी चर्चला जायचं आणि सोमवारी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आलेला माल घ्यायचा, हे गणित या ऑडिटरला जुळतच नव्हतं.

तर सुरुवातीपासून बघू.

तंजावरचा कॉर्नेलियस

४ जानेवारी १८९२ ला तंजावरमध्ये त्यांचा जन्म झाला. हो, तेच तंजावर जिथं व्यंकोजीराजांच्या वंशजांनी राज्य केलं. घर तमिळ ख्रिस्ती, वडील सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, आडनाव कॉर्नेलियस. घरात शिस्त, प्रार्थना आणि इंग्रजी वळण. भावंडंही पुढे नावाजली. एक भाऊ भारतन् नंतर वर्ध्यातच गांधींच्या कामात आले. दुसरे भाऊ जे. एम. कुमारप्पा मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले. आज 'टिस' म्हणतो तीच संस्था.

जोसेफ पहिल्या महायुद्धाच्या आधी लंडनला गेले, हिशोबतपासनीस झाले आणि तिथंच कामाला लागले. १९१९ मध्ये आईच्या आग्रहाखातर परत आले आणि मुंबईत प्रॅक्टिस सुरू केली. उत्तम शिवलेले सूट, इंग्रजी राहणी, हातात चांगला पैसा. सगळं असंच चालू राहिलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासन शिकले आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्र. कोलंबिया म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आठवतात. बाबासाहेबांना ज्या प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी शिकवलं, तेच कुमारप्पांनाही लाभले.

तिथं एका चर्चमध्ये कुमारप्पांचं व्याख्यान झालं. विषय होता, भारत गरीब का आहे. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती सेलिग्मननी वाचली आणि प्रबंधासाठी हाच विषय घे असं सुचवलं. मग या माणसानं त्याला जे येत होतं तेच केलं. ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाचं ऑडिट केलं. कर कुणाकडून येतो आणि जातो कुठं? सैन्यावर किती, कर्जावर किती आणि ज्याच्या खिशातून आला त्याच्यावर किती? आकडे मांडता मांडता ऑडिटरचं मन पालटलं. आपण ज्या साम्राज्याच्या थाटात वाढलो, त्याची वही मुळातच चुकीची आहे हे त्याला स्वतःच्याच बेरजेतून कळलं.

१९२९ ला परत आल्यावर त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकलं आणि कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव घेतलं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. नाव बदललं, धर्म नाही. ख्रिस्ती असणं आणि युरोपीय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळच्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांत ती साधी नव्हती.

झाडाखालचा म्हातारा

प्रबंध छापायचा होता. कुणीतरी गांधींना भेटा म्हणून सुचवलं. ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला पोचले, दिलेल्या वेळेच्या थोडं आधीच. वाटेत एका झाडाखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवत बसला होता. कुमारप्पांनी चरखा कधी पाहिला नव्हता. ते काठीवर रेलून बघत राहिले. भेटीची वेळ झाली तसं घड्याळ काढलं, तेव्हा म्हाताऱ्यानंच त्यांना नाव विचारलं आणि मग उलगडा झाला की हेच गांधी. कुमारप्पा कडक इस्त्रीच्या घडीची पर्वा न करता तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसले. आतून कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही.

गांधींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापला. पण त्याआधी त्यांनी एक काम गळ्यात घातलं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. आजवर सरकारी वह्या वाचणारा हा माणूस पहिल्यांदा शेतकऱ्याच्या घरात बसून विचारायला लागला. धान्य किती पिकलं, सारा किती भरला, खायला उरलं किती? गुजराती येत नव्हतं, म्हणून गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेतले. माझ्या मते कुमारप्पांचं खरं शिक्षण इथं झालं. कोलंबियात त्यांना शोषणाचे आकडे मिळाले होते. मातरमध्ये त्या आकड्यांना चेहरे मिळाले.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पोलिसांच्या लाठ्या नि:शस्त्र लोकांच्या डोक्यात बसत होत्या आणि भारतातली चर्च गप्प होती. कुमारप्पांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केलं. डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढे करायला शिकवलं आहे, तेच हे लोक रस्त्यावर करत आहेत, मग तुम्ही कुणाच्या बाजूला? अँग्लिकन चर्चचे भारतातले प्रमुख, कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा या विषयावर वाद झाला. बिशपांना सत्याग्रह पटत नव्हता. कुमारप्पांना बिशपांचा येशू पटत नव्हता. त्या काळात ते तुरुंगातही गेले.

गांधींचं बिल नामंजूर

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांनी मदतकार्य हाती घेतलं. देशभरातून पैसा येत होता आणि त्याचा हिशोब ठेवायला एक कडक माणूस हवा होता. जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून कुमारप्पा गेले.

त्यांनी कार्यकर्त्याच्या रोजच्या जेवणाला तीन आणे ठरवून दिले. मग दौऱ्यावर गांधी आले. सोबत माणसं, गांधींचं दूध, फळं, गाडीचं पेट्रोल. हा खर्च मदतनिधीत बसत नाही, असं कुमारप्पांनी कळवून टाकलं. पुढे गांधींनी त्यांना भेटायला बोलावलं, तर वेळ नाही, हिशोब पूर्ण करायचे आहेत, असं उत्तर गेलं. देशात गांधींना असं उत्तर देणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी असतील. गांधींना राग आला नाही. उलट त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी आयुष्यातलं एक मोठं काम याच माणसाच्या हाती दिलं.

हा किस्सा कडकपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी कुमारप्पांची श्रद्धा आहे असं मला वाटतं. विधवेनं दान केलेल्या दोन दमड्यांची गोष्ट बायबलमध्ये आहे. ती गोष्ट ऐकत वाढलेला माणूस गरिबाच्या दमडीचा हिशोब सैल ठेवूच शकत नाही, समोर महात्मा का असेना.

वर्धा, मगनवाडी

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. कुमारप्पा त्याचे संघटक आणि सचिव. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि त्यातलं घर दिलं. गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जायच्या आधी गांधीही काही काळ इथंच राहिले.

मगनवाडीत काय चालायचं? सुधारलेला बैलघाणा. हातकागद. मधमाश्या पाळणं. ताडीच्या रसाचा गूळ. साबण. मातीची भांडी. सोनखत तयार करायच्या पद्धती. धूर कमी करणारी मगन चूल. आणि मगन दीप, म्हणजे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा कंदील. रॉकेल बाहेरून येतं आणि गावाचा पैसा बाहेर नेतं. तेलबिया गावात पिकतात, घाणा गावात फिरतो, मग कंदीलही त्यावरच का जळू नये? कुमारप्पांची काही पुस्तकंही हातकागदावर छापली जायची. ३० डिसेंबर १९३८ ला गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं.

कुमारप्पा स्वतः एका छोट्या कुटीत राहायचे. लग्न केलं नाही. धोतर आणि पायजमा यांच्यामधला एक कपडा त्यांनी स्वतःसाठी शोधून काढला होता, त्याला 'धोतीजामा' म्हणत. कापड कमी लागतं आणि काम करताना पायात येत नाही. एकेकाळी लंडनच्या शिंप्याकडून सूट शिवून घेणारा माणूस! स्वभाव मात्र साधूचा नव्हता. तापट होते, फटकळ होते, चुकीचा हिशोब आणि ढोंग दिसलं की समोरच्याचा मान ठेवायचे नाहीत.

याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं प्रांताच्या उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली आणि अध्यक्षपद कुमारप्पांना दिलं. ६०६ गावांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल १९३९ मध्ये आला. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे सगळे जिल्हे तेव्हा याच प्रांतात होते. मोठे कारखाने कुठं काढायचे, असं त्यांनी विचारलं नाही. गावात काय पिकतं, कुणाच्या हाताला काय येतं आणि ते गावातच कसं टिकेल, असा त्यांचा प्रश्न होता.

साठा आणि प्रवाह : भंडाऱ्याच्या उदाहरणावरून

कुमारप्पांचा मुख्य विचार समजायला भंडारा जिल्ह्यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलं नाही. उदाहरण माझं आहे, विचार त्यांचा.

निसर्ग माणसाला दोन प्रकारे देतो, असं ते मांडत. काही गोष्टी हौदासारख्या. कोळसा, पेट्रोल, लोखंड. जितकं काढाल तितकं कमी होणार. हा साठा. काही गोष्टी ओढ्यासारख्या. पाऊस, धान्य, लाकूड, जनावरांचं बळ. दर वर्षी नव्यानं येणार. हा प्रवाह.

आता भंडाऱ्याचा नकाशा उघडा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज पोलादासाठी लागतं, आणि ते एकदा खाणीतून निघालं की परत येत नाही. हा झाला साठा. त्याच जिल्ह्यात गावोगावी मामा तलाव आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव. पावसात भरतात, त्यावर धान होतो, ढिवर बांधव मासे धरतात, उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून शेतात टाकतात, आणि पुढच्या पावसात तलाव पुन्हा भरतो. हा प्रवाह.

कुमारप्पा इथं थांबत नाहीत. साठा संपणारा असतो, म्हणून त्यावर मालकीची भांडणं होतात. भांडणं वाढली की सैन्य लागतं, सैन्य वाढलं की युद्ध होतं. म्हणजे तुम्ही कशावर जगता यावरून तुम्ही शांततेत जगणार की हिंसेत, हे ठरतं. दुसरं महायुद्ध चालू असताना हा माणूस हे लिहीत होता. तेलासाठी पुढे किती युद्धं झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ही मांडणी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात आहे. शाश्वत अर्थव्यवस्था म्हणा. त्यात त्यांनी जगण्याच्या पाच पायऱ्या केल्या आहेत. वाघ दुसऱ्याला मारून खातो, ती सगळ्यात खालची. माकड आमराईत शिरून फळं खातं, झाडासाठी काही करत नाही. पक्षी स्वतः घरटं बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते. आणि सगळ्यात वर आई, जी काही परत मिळायची अपेक्षा न ठेवता पिलाला भरवते. माणसाच्या अर्थव्यवस्थेनं वाघाकडून आईकडे सरकायला हवं.

हे पुस्तक लिहिलं गेलं तुरुंगात. 'छोडो भारत'च्या काळात कुमारप्पांनी 'स्टोन फॉर ब्रेड' नावाचा लेख लिहिला. मुलानं भाकर मागितली तर कुठला बाप त्याला धोंडा देईल, असा येशूचा दृष्टांत आहे, त्यावरून हे नाव. लेखाचा विषय मात्र चलनवाढ! युद्धासाठी सरकार शेतकऱ्याचं खरं धान्य, खरा माल उचलत होतं आणि बदल्यात छापलेल्या नोटा देत होतं, ज्यांची किंमत रोज घसरत होती. शेतकऱ्यानं भाकर दिली, त्याच्या हातात धोंडा पडला. बायबलच्या दृष्टांतातून रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद समजावणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. सरकारला हा दृष्टांत आवडला नाही. कुमारप्पांची रवानगी जबलपूरच्या तुरुंगात झाली.

तिथं त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक वर सांगितलेलं. दुसरं 'प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस', म्हणजे येशूचं वागणं आणि शिकवण. एकाच कोठडीत, एकाच काळात लिहिलेली ही पुस्तकं आज वेगवेगळ्या कपाटांत ठेवली जातात. एक अर्थशास्त्रात, एक धर्मात. लिहिणाऱ्यासाठी तो एकच विषय होता. दोन्ही पुस्तकांना प्रस्तावना गांधींची आहे.

आणि तो कोको? सकाळी आपण कपभर कोको पितो, त्याची उलटतपासणी कुमारप्पांनी केली आहे. कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आला, तिथं मजुरांवर सक्ती झाली असेल. ज्या समुद्रमार्गानं आला तो तोफांच्या जोरावर राखलेला. ज्या कारखान्यात डबाबंद झाला तिथं मजुरांची पिळवणूक. आणि भारतात आला तो राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीनं ठरवलेली जकात भरून. पिणाऱ्याच्या हातून यातलं काहीच झालेलं नाही. तरीही चोरीचा माल घेणारा निर्दोष कसा, असा ऑडिटरचा सवाल. म्हणून शक्यतो जवळचं घ्या, जिथं बनवणारा कोण आणि कशा अवस्थेत आहे ते तुम्हाला दिसतं. आज 'लोकल' आणि 'फेअर ट्रेड' या नावांनी जे विकलं जातं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. फरक इतकाच की कुमारप्पांसाठी तो लेबलचा प्रश्न नव्हता, पापाचा होता. रोजच्या भाकरीची प्रार्थना तुम्ही करता, ती भाकर दुसऱ्याच्या ताटातून ओढलेली असेल तर प्रार्थनेला अर्थ काय?

हातसडीचा तांदूळ कुणी सडायचा?

इथं थोडं थांबून एक अडचणीचा मुद्दा बोलायला हवा.

ग्रामोद्योग संघाचा पहिल्या दिवसापासूनचा एक आग्रह म्हणजे हातसडीचा तांदूळ. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा जातो, त्याच्याबरोबर ब जीवनसत्त्व जातं. नुसत्या पांढऱ्या भातावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो हे तोवर सिद्ध झालं होतं. शिवाय गिरणी आली की धान सडून चार पैसे मिळवणाऱ्या बायांचं काम जातं. धानाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियातही, हा प्रश्न थेट घरातला.

पण उखळ-मुसळ ज्यांनी चालवलंय त्या आजीला विचारा. पहाटे उठून घरच्यापुरता धान सडणं हे काही काव्य नव्हतं. खांदे भरून यायचे. गिरणी आली तेव्हा पुष्कळ बायांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मगनवाडीत साधनं सुधारायचे प्रयत्न झाले, धूर कमी करणारी चूल झाली, म्हणजे बाईच्या कष्टाकडे लक्षच नव्हतं असं नाही. तरी ग्रामोद्योगाच्या वहीत 'रोजगार' या रकान्यात जे लिहिलं गेलं, ते घरातल्या बाईच्या वहीत बिनपगारी मेहनत म्हणून पडलेलं होतं. कुमारप्पांच्या हिशोबात ही नोंद मला अपुरी वाटते.

त्यांची बाजूही ऐका. त्यांचा विरोध यंत्राला सरसकट नव्हता. यंत्र माणसासाठी आहे की माणूस यंत्रासाठी, असं ते विचारत. शेताचंही तसंच. गिरण्यांना सोयीचं म्हणून लांब धाग्याचा कापूस किंवा कारखान्यापुरता ऊस लावायचा की आधी गावाच्या जेवणाचा हिशोब करायचा? एक लाख लोकांना संतुलित आहारासाठी धान्य, डाळ, तेलबिया, भाजी, कापूस यांची किती जमीन लागेल, याचा तक्ता त्यांनी मांडला होता. पॅकिंगवर नुसतं 'नॅचरल' छापणं वेगळं आणि हे वेगळं.

हरलेली बाजू

स्वातंत्र्य आलं आणि कुमारप्पा एकटे पडत गेले.

त्याची चाहूल आधीच लागली होती. १९३८ मध्ये काँग्रेसनं नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. ग्रामोद्योग संघातर्फे कुमारप्पा तिथं गेले आणि काही महिन्यांत बाहेर पडले. देशाला मोठे कारखाने हवेत हे तिथं आधीच ठरल्यासारखं होतं. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसनं त्यांना जमीन सुधारणा समितीचं अध्यक्ष केलं. मधले दलाल हटवा, कसणाऱ्याला जमीन द्या, कमाल मर्यादा घाला, असं १९४९ च्या अहवालात होतं.

मध्य प्रांतात मालगुजारी पुढे कायद्यानं संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि इथं एक चमत्कारिक गोष्ट झाली. शोषण करणारा मालगुजार गेला हे चांगलंच झालं. पण दर वर्षी तलावाचा गाळ कोण काढणार, पाळ कोण दुरुस्त करणार, याची जुनी व्यवस्थाही त्याच्याबरोबर विस्कटली. कुमारप्पांना मालकी गावाच्या हाताशी हवी होती. ती गेली सरकारी खात्याकडे. भंडाऱ्यातले कितीतरी मामा तलाव पुढे गाळानं भरले. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दुरुस्तीच्या बातम्या अधूनमधून येतात.

१९५० नंतर कुमारप्पांनी वर्धा जिल्ह्यात सेलडोहला पन्नई आश्रम काढला. नागपूरहून वर्ध्याला जाताना हे गाव लागतं. तिथं त्यांना शेतीचे प्रयोग करायचे होते. रासायनिक खतांवर आणि ट्रॅक्टरवर ते तेव्हाच शंका घेत होते. चीनला जाऊन आले, सोव्हिएत रशियाला जाऊन आले, त्यावरून त्यांना कम्युनिस्ट म्हणणारेही निघाले. चर्चला ते गांधीवादी वाटायचे, सरकारला आडमुठे वाटायचे, आणि खादी घालून सत्तेत गेलेल्यांना अडचणीचे वाटायचे. रक्तदाबानं शरीर थकलं होतं. १९५३ मध्ये त्यांनी विदर्भ सोडला आणि मदुराईजवळ टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले.

तिथल्या त्यांच्या खोलीत एका गरीब शेतकऱ्याचं चित्र होतं. येणारे विचारायचे, हा कोण? गांधी आपले गुरू, आणि हा आपल्या गुरूचा गुरू, असं ते समजावून सांगायचे.

३० जानेवारी १९६० रोजी मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. गांधी गेले तीच तारीख, बारा वर्षांनी.

पुढे एक गंमत झाली. ई. एफ. शुमाकर नावाच्या अर्थतज्ज्ञानं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हे पुस्तक लिहिलं. ते १९७३ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, साठा संपू शकतो हे श्रीमंत देशांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, आणि पुस्तक हातोहात खपलं. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रकरणात शुमाकरनी कुमारप्पांचा आधार घेतला आहे. त्या प्रकरणाचं नाव मात्र बौद्ध अर्थशास्त्र! वर्ध्यात बसून येशूच्या शिकवणीवर अर्थशास्त्र उभारणारा एक तमिळ ख्रिस्ती माणूस जगाला भेटला तो असा, दुसऱ्याच धर्माच्या शीर्षकाखाली.

मगनवाडी अजून आहे. ग्रामीण उद्योगांवर काम करणारी केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था तिथंच आहे, आणि मगन संग्रहालयही सुरू आहे. सेवाग्रामला बापूकुटी बघायला बसेस भरून लोक जातात. पुढच्या वेळी गेलात तर वर्धा शहरात मगनवाडीलाही वळा.